आजीची अट

‘यंदा साधंच करू’ हे वाक्य सण जवळ आला की बहुतेक घरांत कुणी ना कुणी म्हणतं. ऐकायला बरं वाटतं. मी मात्र लगेच विचारतो, की म्हणजे नेमकं काय कमी करणार? मग हळूहळू यादी बाहेर येते. शेजारी जाणारी ताटं, कामाला येणाऱ्या बाईंची साडी, अनाथाश्रमात दरवर्षी पोचणारी पिशवी. सहल, नवा मोबाइल, बाहेरचं जेवण ही मंडळी त्या यादीत सहसा सापडत नाहीत. आपल्या साधेपणाची कात्री आधी दुसऱ्याच्या वाट्यावर चालते.

वसईतल्या एका आजींच्या नाताळात ती उलटीकडून चालते, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो आहे. आजी ऐंशीच्या पुढच्या. गुडघे कुरकुरतात, आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहायला गेली, एक नातू कॅनडात. तरी नाताळचं जेवण आजींच्याच घरी. केटरर, डीजे आणि दारभर लुकलुकणाऱ्या माळांना त्यांनी केव्हाच रजा दिली. ओटीवर कागदाची एक चांदणी टांगतात, तेवढी पुरे.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. धर्मगुरूंची वस्त्रं या दिवसांत जांभळी असतात. हा काळ वाट पाहण्याचा आणि हात आखडता घेण्याचा. बाजाराला अर्थातच वाट पाहणं परवडत नाही, त्यामुळे मॉलमधला सांताक्लॉज कधीचा घंटा वाजवत असतो. आजी आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालतात. नाताळला दहा-बारा दिवस उरले की पसरट ताटलीत माती घालून गहू पेरतात. येशूजन्माचा गोठा मांडायची वेळ येईपर्यंत त्याची हिरवी कुरणं तयार होतात. पेंढा पूर्वी घरच्या भातशेतीचा असे. वसईचा हिरवा पट्टा वाचावा म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ‘हरित वसई’चं नाव घेऊन वर्षानुवर्षं झगडले, तरी बरीच शेतं इमारतींखाली गेलीच. आता पेंढा ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणावा लागतो. मूर्ती जुन्याच. संत योसेफाचा तुटलेला हात डिंकाने चिकटवलेला आहे. तीन ज्ञानी राजे लांब, कपाटावर. ते रोज थोडे थोडे सरकत ६ जानेवारीला पोचतात. गव्हाण मात्र चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत रिकामी.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, तेव्हा चारा, एक बैल आणि एक गाढव एवढाच त्यांचा सरंजाम होता. बेथलेहेमचं दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच हेतू. आज गोठ्यांच्या स्पर्धा होतात, त्यांत मोटरवर चालणारे धबधबे असतात. बेथलेहेमात धबधबा कुठून आला, ते परीक्षकांनाच ठाऊक.

पण आजींचं खरं शहाणपण मला दिसतं ते फराळात. ‘घरी केलेलं म्हणजे साधं’ असं आपण धरून चालतो. खिशाला ते साधं असेलही, कंबरेला नसतं. कुलकुल घ्या. मैदा, रवा, अंडं, नारळाचं दूध असं सगळं एकत्र मळायचं, गोटीएवढी गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अलगद गुंडाळत आणायची, म्हणजे तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उठतात. अशा शेकडो गोळ्या. मग तळण, मग पाक. करंज्या वेगळ्या, रवा-नारळाचा केक वेगळा. आजी नवी नवरी होत्या तेव्हा केक भाजायला भांड्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवत. त्या धुरात बायका रात्र काढायच्या. पुरुष सकाळी चव बघायला यायचे आणि ‘यंदा साखर कमी पडली’ म्हणून जायचे. हे आजी विसरलेल्या नाहीत.

त्यातूनच त्यांची अट आली. नाताळच्या आदल्या रविवारी मिस्सा झाली की सगळ्यांनी घरी यायचं, पुरुषांनीही. जितके हात येतील तितकंच पीठ मळायचं. एका वर्षी दोघंच आले. आजींनी तेवढ्यापुरतंच मळलं, शेजारची ताटं आधी भरली, आणि घरच्यांच्या वाट्याला मूठमूठ आली. बोल कुणालाच लावला नाही. पुढच्या वर्षी धाकटे जावई नवा कंगवा घेऊन हजर होते. थोरला मुलगा अजून चुकवतोच. त्याला डबा मिळतो, पण लहान.

ही अट कठोर आहे, असं मला एकाने सांगितलं. आठवडाभर विरार लोकलमध्ये चेंगरणाऱ्या माणसाला एकच तर रविवार मिळतो, तोही पिठात घालवायचा? तक्रार खोटी नाही. पण मग त्याच रविवारी आजींनी एकटीने उभं राहून सगळ्यांसाठी तळावं, हे कुणाला चालतं आणि का चालतं, याचंही उत्तर द्यावं लागेल. म्हातारीच्या हौसेचं कौतुक करत तिची कंबर वापरून घेणं हा आपल्याकडचा फार जुना सोयीस्कर उद्योग आहे, आणि तो कुठल्या एका धर्माचा नाही. दिवाळीच्या चकल्यांनाही हेच लागू.

हात कमी आले तर घरचे डबे लहान होतात, शेजारची ताटं लहान होत नाहीत. शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीचा फराळ आलेला असतो. त्या घरांचं ताट ठरलेलं. पहिलं ताट मात्र जातं समोरच्या सोसायटीच्या वॉचमनकडे. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची बातमी सर्वांत आधी रानात कळप राखत जागणाऱ्या मेंढपाळांना मिळते. तेही रात्रपाळीवालेच की, असं आजी म्हणतात. आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे तळण होत नाही, म्हणून तिथलं ताट आजी स्वतः भरतात, इतरांपेक्षा मोठं. दुःखाच्या पहिल्या दिवाळीला नातलग फराळ घेऊन जातात, ती आपलीच रीत.

तुमच्याही घरात या आठवड्यात कुणी तरी ‘साधंच करू’ म्हणेल. जरूर करा. फक्त यादीवर काट मारायला बसाल तेव्हा आजीला किंवा आईला शेजारी बसवा, पेन तिच्या हातात द्या, आणि गल्लीत यंदा कुणाच्या घरी तळण होणार नाही, एवढं तिला आधी विचारून घ्या.