तहानले की बुडाले?

सज्जनहो, आषाढी झाली, वारी घडली, पांडुरंगाचे दर्शन घेऊन आम्ही करवीरी परतलो. आता चातुर्मासात एखादा गहन विषय निरूपणाला घ्यावा, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु या खेपेस आम्ही बोलणार आहोत आमच्या अंगणातल्या जास्वंदीविषयी. कोणी म्हणेल, "महाराज, विठोबाला तुळस, जास्वंद ती गणपतीची आणि देवीची." खरे आहे. पण गेल्या वर्षी आम्हांला कान धरून बसवले ते याच झाडाने, त्याला आम्ही काय करावे?

अमरकोशाचा वनौषधिवर्ग आम्ही पाठशाळेत घोकला. त्यात हिचे नाव जपा. नवग्रहस्तोत्रात सूर्याला उपमा दिली तीही याच फुलाची. हे सगळे आम्हांला मुखोद्गत होते. झाड तेवढे येत नव्हते!

आमचे कुटुंब तीन वर्षांमागे चैत्रात वैकुंठवासी झाले. तिने माहेराहून पेन्सिलीएवढी फांदी आणून गोडेतेलाच्या मोकळ्या डब्यात ही गावठी तांबडी जास्वंद लावली होती. डब्याच्या बुडाला भोके पाडणे, दोन-तीन वर्षांनी माती बदलणे, पावसाळ्यात डबा पडवीच्या कडेला ओढणे, हे सर्व तीच करी. आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव. परत आलो की पूजेच्या तबकात फूल असे, आम्ही ते देवाला वाहत असू. फूल कोठून येते हे पाहण्याची गरज कधी वाटली नाही.

ती गेल्यावर मात्र आमचे सगळे प्रेम त्या डब्यावर लोटले. सकाळी एक कळशी, संध्याकाळी एक. वर अभिषेकाचे दूध-पाणी आणि निर्माल्यही त्यातच. गेल्या वर्षी वारीहून आलो तो पाने पिवळी पडलेली, माना टाकलेल्या, कळ्या उमलण्याआधीच गळून खाली. आम्ही म्हटले, अरेरे, आम्ही नव्हतो, बिचारी तहानली! आणि आणखी एक कळशी ओतली. आठ दिवस ओतीत होतो. वरून आमच्या कोल्हापूरचा आषाढ कोसळत होता, तो वेगळाच.

हार विकणाऱ्या एक मावशी दारावरून जाताना थांबल्या. डब्याच्या मातीत बोट खुपसले, नाकाशी नेले, आणि म्हणाल्या, "म्हाराज, ह्येला तान न्हाई लागली. ह्ये बुडालंय."

पाहा माउली, तहानलेले झाड मान टाकते आणि बुडालेलेही मानच टाकते. मुळांनाही श्वास लागतो. माती सदा चिंब राहिली की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजतात. आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड वर कोरडे पडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला ३९ फुटांना इशारा असतो, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली ती पट्टी बुडालेली आम्ही पाहिली आहे. तेलाच्या डब्याला अशी पट्टी कोण लावणार? तेथे बोटच घालावे लागते.

वेदान्तात एक दृष्टांत आहे. शुद्ध स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपण फुलाचे, भास स्फटिकावर. हा दृष्टांत आम्ही किती फडांवर सांगितला असेल, गणती नाही. आणि घरी, त्याच फुलाच्या झाडाशी उभे राहून, आम्ही तेच केले. तहान आमची होती. दिसली झाडावर.

मावशींनी डबा आडवा करविला. बुडाची भोके बुजलेली. मुळे काळी, मऊ, वास मारणारी. ती कापून टाकली. पांढरट, घट्ट तेवढी राखली. शेंड्याकडून एक तृतीयांश छाटणी केली, कारण थोड्या मुळांना मोठा पसारा पोसवत नाही. शिवाय जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर. खिळ्याने नवी भोके पाडली. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून दोन वाटे तांबडी माती, एक वाटा वाळू, एक वाटा जुने शेणखत. खोडाला नखाने ओरखडले तर आत हिरवे होते. "जीव हाय," मावशी म्हणाल्या. "आता काय बी करू नका."

हे 'काय बी करू नका' फार कठीण हो! पाऊण महिना नुसत्या काटक्या. रोज कळशी हातात घ्यावी आणि खाली ठेवावी. त्या दिवसांत आम्हांला अरणचे सावता महाराज फार आठवले. मळ्यात दारे धरणाऱ्याला पाट उघडायला यावा लागतो तसा बांधायलाही यावा लागतो. शके १२१७ मध्ये ते समाधिस्थ झाले. मळा सोडून पंढरीस न जाणाऱ्या त्या महात्म्याची महती आम्ही कीर्तनात नेहमी गातो, पण पाट बांधण्याच्या विद्येकडे लक्ष गेले ते आता.

आणखी एक सांगतो. लपवून काय उपयोग? आमच्या कुटुंबाच्या अखेरच्या दुखण्यात आम्ही उशाशी अखंड पारायण मांडले होते. येणारी मंडळी, काढे, अंगारे, वाचन. ती एकदा म्हणाली, "खिडकी उघडा, आणि जरा गप्प बसा माझ्यापाशी." आम्ही खिडकी उघडली. गप्प बसलो नाही. आम्हांला वाटले, नाम जितके कानी पडेल तितके बरे. नाम बरेच. परंतु तिने काय मागितले होते?

असो. चौथ्या आठवड्यात कांडीवर हिरवा ठिपका दिसला. मग पाने आली आणि त्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आला, मुंग्यांनी त्याचे स्तोम माजवले. साबणाचे पातळ पाणी, कडुनिंबाचे तेल, मऊ फडके. पंधरा दिवसांत आटोक्यात आला. सकाळचे ऊन मिळेल अशा जागी डबा सरकवला. कार्तिकात पहिले फूल उमलले. संध्याकाळी मिटले. ते आम्ही तोडले नाही.

आता नातू रोज सकाळी तांब्या घेऊन जातो. आधी दोन पेरे बोट मातीत घालतो आणि ओरडतो, "आजोबा, ओलं आहे!" आणि तांब्यातले पाणी स्वतःच पिऊन टाकतो.