कर्जदाराचें दुसरें खातें

कर्ज करूं नये, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. परंतु कर्ज होऊन गेल्यावर मनुष्यानें कसें वागावें, हें सांगणारे थोडे. ज्याच्या घरास आग लागली आहे त्यास चूल कशी पेटवावी हें शिकविण्यांत अर्थ नसतो. त्या वेळीं कोणती वस्तु आधीं बाहेर काढावी, हेंच सांगावें लागतें. म्हणून ह्या लेखांत कर्ज कां झालें ह्याची चौकशी न करितां, तें हप्त्यांनीं फेडीत असतां मनुष्यानें आपला पैसा कोठें व कसा ठेवावा, ह्या एकाच प्रश्नाचा विचार करूं. प्रश्न दिसावयास हिशेबाचा आहे, परंतु त्याचें मूळ विवेकबुद्धींत आहे.

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक गृहस्थ संध्याकाळीं ओट्यावर येऊन बसले. ते दुधाचा टेंपो चालवितात, व त्यांस महिना १८,००० रुपये मिळतात. शेतांत बोअर घेण्याकरितां त्यांनीं बँकेचें कर्ज काढिलें. बोअरास पाणी लागलें नाहीं. हप्ते थकूं लागले तेव्हां पत्नीच्या नांवें एका फायनान्स कंपनीकडून पैसे घेतले, मग मेहुण्याकडून घेतले, आणि शेवटीं वाण्याची उधारी चढली. बँकेचे १,२०,०००, कंपनीचे ४०,०००, मेहुण्याचे ३०,००० व वाण्याचे १०,०००, असें एकंदर २,००,००० रुपये देणें झालें. ज्या बँकेचें कर्ज, त्याच बँकेंत त्यांचा पगार जमा होत असे. त्या महिन्यांत पगार जमा झाला, आणि थकलेल्या हप्त्यांपोटीं बँकेनें त्याच दिवशीं ११,००० रुपये वळते करून घेतले. उरलेल्या ७,००० रुपयांत किराणा, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईचें औषध भागेना. त्यांनीं खालच्या मानेनें विचारिलें, "पाळकसाहेब, दुसऱ्या बँकेंत खातें उघडून पगार तिकडे घेतला, तर ती लबाडी होईल काय?"

आम्हीं त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं. होय म्हणणें सोपें होतें आणि नाहीं म्हणणेंही सोपें होतें. परंतु दोन्ही उत्तरांत कांहीं तरी राहून जात होतें.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, बँकेनें चोरी केली नाहीं. एकाच ग्राहकाचें येणें व देणें एकमेकांत वळतें करून घेण्याचा बँकेचा हक्क न्यायालयें मानितात, आणि कर्जाच्या करारांत तो बहुधा लिहिलेलाही असतो. आपण वाचल्यावांचून सही केली, हा आपला दोष होय. परंतु बँकेस हक्क आहे एवढ्यावरून, मीं माझी सर्व मजुरी तिच्याच हाताखालीं नेऊन ठेविली पाहिजे, असें सिद्ध होत नाहीं. मीं कर्ज घेतलें तेव्हां पैसा परत देण्याचें वचन दिलें. लेंकरांच्या तोंडचा घास देण्याचें वचन दिलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "प्रामाणिक मनुष्यानें उपाशी राहावें, पण देणें आधीं द्यावें." हें बोलणें ऐकावयास थोर वाटतें. परंतु विचार करा. जो मनुष्य पहिल्या तारखेस सर्व पगार घेणेकऱ्यास देतो, तो दहाव्या तारखेस कोठें जातो? तो वाण्याकडे जातो, मेहुण्याकडे जातो, नाहीं तर दरमहा शेंकडा पांच घेणाऱ्या सावकाराकडे जातो. म्हणजे त्यानें एकाचें देणें दुसऱ्याच्या पैशानें दिलें. कर्ज उतरलें नाहीं. त्यानें फक्त घर बदललें, आणि बहुधा अधिक व्याजाच्या घरीं राहावयास गेलें. अशा प्रामाणिकपणास आम्ही प्रामाणिकपणा म्हणूं शकत नाहीं. ज्याकडून दहाव्या तारखेस पैसे घेतले, त्यास परत देण्याची शक्ति आपणांत नाहीं हें ठाऊक असतां घेतले, तर तेथेंच लबाडी झाली.

मोशेच्या नियमशास्त्रांत जात्याची तळी गहाण घेण्याची मनाई आहे, कारण तसें करणें म्हणजे मनुष्याचें जिणेंच गहाण घेणें होय. आपल्या देशाच्या दिवाणी व्यवहार संहितेंतही (१९०८) हाच विचार दिसतो. तिच्या ६० व्या कलमाप्रमाणें कारागिराचीं हत्यारें, आणि शेतकऱ्याचीं औतें, पोटापुरतीं लागणारीं जनावरें व बियाणें जप्तींत घेतां येत नाहींत, आणि पगाराचाही एक भाग जप्तींतून सुटतो. ही देणेकऱ्यावर दया खरी. पण तींत घेणेकऱ्याचेंही हित आहे. ज्याचा नांगर गेला तो कोणाचेंच देणें फेडूं शकत नाहीं. तेव्हां घरखर्चापुरता पैसा निराळ्या खात्यांत ठेवणें हें स्वतः पाप नाहीं. उलट फेडीचा तोच पाया आहे.

तर मग लबाडी कोठें सुरू होते? आमच्या मतें ती खात्यांत नसून अंधारांत असते. दुसऱ्या खात्याची गोष्ट आपण घेणेकऱ्यास तोंडावर सांगूं शकतों काय, ही पहिली कसोटी. "माझा पगार आतां अमक्या बँकेंत जमा होतो; घरखर्चास इतके लागतात; उरलेल्यांतून तुमचा वांटा इतका, तो दर महिन्याच्या सात तारखेस पाठवीन," असें पत्र ज्यास लिहितां येतें, त्याचें खातें उजेडांत आहे. ज्यास असें पत्र लिहिण्याची भीति वाटते, त्यानें ती भीति कशाची हें आपल्या मनास विचारावें. दुसरी कसोटी ही कीं, सात तारखेस तो वांटा खरोखर जातो काय? आणि तिसरी, घरखर्चाच्या नांवाखालीं त्या खात्यांतून नवा मोबाईल, बारशाचें जेवण किंवा लग्नाचा बँड तर निघत नाहीं ना? ह्या तिहींतून जें खातें पार पडतें तें ठेवावें; जें पडत नाहीं तें बंद करावें.

पुष्कळ पुरुष आपला पैसा पत्नीच्या किंवा आईच्या खात्यांत ठेवितात, आणि विचारिल्यास "माझ्याजवळ कांहीं नाहीं" असें म्हणतात. हें वाक्य कायद्याच्या जिभेवर कदाचित् खरें ठरेल, परंतु मनाच्या तराजूंत तें खोटें आहे. शिवाय त्या स्त्रीस न विचारतां तिच्या बचतगटाच्या पासबुकावर आपला भार टाकणें, हा तिच्यावर अन्याय आहे. ह्या गृहस्थांच्या घरीं कंपनीचें कर्ज पत्नीच्या नांवें होतें, म्हणून आम्हीं सांगितलें कीं हिशेबास तिनेंही बसलें पाहिजे. ती बसली, आणि घरखर्चाचा आंकडा तिनेंच बरोबर सांगितला.

तो आंकडा १२,५०० रुपये झाला. १८,००० मधून ते वजा जातां ५,५०० उरले. त्यांतील ५०० आजारपणाकरितां बाजूस ठेवावे, असें ठरलें. देणें असतांना शिल्लक टाकावी काय, अशी शंका त्यांसही आली. परंतु मुलास ताप आला असतां पुन्हां सावकाराचें दार ठोठवावें लागूं नये म्हणून टाकलेली शिल्लक ही चैन नव्हे. ती फेडीच्या योजनेची राखण आहे. एका महिन्याच्या खर्चाइतकी ती झाली कीं थांबवावी, आणि ते ५०० हप्त्यांत मिळवावे.

राहिलेले ५,००० कोणास द्यावे, हा प्रश्न त्याहून कठीण. आपली रीत अशी आहे कीं जो ओरडतो त्यास आधीं द्यावयाचें. कंपनीचा माणूस दारांत येऊन बसतो, शेजारी पाहतात, म्हणून त्यास मिळतें. वाणी भिडेनें बोलत नाहीं, म्हणून त्यास मिळत नाहीं. मेहुण्याचें तर "घरचेंच आहे" म्हणून विसरून जातों. परंतु जो घेणेकरी शांत राहतो त्याचाही पैसा घामाचाच असतो. आम्हीं ज्याचें जितकें देणें त्याच प्रमाणांत वांटणी केली: बँकेस ३,०००, कंपनीस १,०००, मेहुण्यास ७५० व वाण्यास २५०. २५० रुपये घेऊन वाणी हंसला. परंतु वहींत त्यानें ते लिहून घेतले, आणि पुढील महिन्यापासून त्याच्या दुकानावरून मान वर करून जातां येऊं लागलें. ह्या वांटणीनें मुद्दल ४० महिन्यांत फिटेल. व्याज चालूं राहिलें तर मुदत लांबेल. म्हणून व्याज कमी करण्याची किंवा हप्ता नव्यानें बांधून देण्याची विनंती घेणेकऱ्यांस आरंभींच व लेखी केली पाहिजे.

येथें कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. जुन्या खात्यांतून हप्ता आपोआप कापून घेण्याची संमति आपण दिलेली असते. पगार दुसरीकडे नेला आणि ती संमति तशीच ठेविली, तर रिकाम्या खात्यावर मागणी येते, परत जाते, आणि प्रत्येक वेळीं दंड चढतो. इतकेंच नव्हे, तर चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८ व्या कलमाखालीं, आणि आपोआप कपात न वटल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या २५ व्या कलमाखालीं, फिर्याद होऊं शकते. दोहोंत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणून आधीं पत्र, मग नवा हप्ता व नवी तारीख, आणि त्यानंतरच पगाराची बदली, हा क्रम सोडूं नये. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची मागून घ्यावी. घरखर्चाचें खातें किमान शिल्लक न लागणारें, साधें बचत खातें असावें. नाहीं तर गरिबाचा पैसा गरिबीच्या दंडांतच जातो.

एकाच बँकेचीं दोन-तीन कर्जें असतील, तर पैसे भरतांना हे कोणत्या कर्जाचे हें सांगावें व पावतीवर लिहून घ्यावें. १८७२ च्या करार कायद्याचीं ५९ ते ६१ हीं कलमें ह्याविषयींच आहेत. देणाऱ्यानें सांगितलें व घेणाऱ्यानें पैसा स्वीकारिला, तर तो त्याच कर्जाकडे लावावा लागतो. देणारा गप्प राहिला तर निवड घेणाऱ्याची. आणि दोघेही गप्प राहिले तर जुनें देणें आधीं फिटतें. करारांत निराळी अट आहे कीं काय, हें मात्र पाहून घ्यावें.

पावतीस किती किंमत आहे, हें ह्या मुलुखास नव्यानें सांगावयास नको. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले, व तो दंगा नगर जिल्ह्यांतही पसरला. त्यांनीं मुख्यत्वें सावकारांचे रोखे व खतें हिसकून जाळलीं. ज्या कागदावर आपण अंगठा केला त्यांत काय लिहिलें आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें. म्हणून त्या कागदावरच त्यांचा राग होता. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा झाला. त्यानें न्यायाधीशांस रोख्याच्या मागें जाऊन मुळापासून हिशेब पाहण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्यास लेखी पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. आज आपल्या मुलांस वाचतां येतें. तरी किती घरांत पासबुक वर्षानुवर्षें भरून आणलेलें नसतें! उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, ज्या घरीं वाचणारा कोणी नाहीं तेथें महिन्यांतून एकदां पासबुक वाचून दाखवावें. वाचलेली रकम मात्र आपल्या पोटांत ठेवावी. दुसऱ्याचें कर्ज हा चावडीवरील गप्पांचा विषय नव्हे.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरतें. देणें बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांत तारण ठेविलेले मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत द्यावे, आणि आपल्या चुकीनें उशीर केल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. थोडक्यांत तडजोड करून मिटविलेलें कर्ज आणि पूर्ण फेडलेलें कर्ज ह्यांची नोंद पतपुस्तकांत निराळी होते, हेंही तडजोडीपूर्वीं जाणून असावें.

आतां त्या गृहस्थांकडे वळूं. आठ दिवसांनीं आम्हीं त्यांस उत्तर दिलें: "खातें उघडा, पण आधीं पत्र लिहा." त्यांनीं तशीं चार पत्रें लिहिलीं. बँकेच्या अधिकाऱ्यांनीं कपाळास आठ्या घातल्या, परंतु दोन आठवड्यांनीं हप्ता नवा बांधून दिला. कंपनीनें अद्याप कमी हप्ता मान्य केलेला नाहीं. तिचा माणूस अजूनही दारीं येतो, आणि बोलतो तेंही गोड नसतें. तरी महिन्याच्या सात तारखेस त्याच्या हातीं १,००० रुपये पडतात व पावती घेतली जाते. पूर्वीं तो आला कीं हे गृहस्थ मागील दारानें शेतांत जात आणि पत्नी "घरीं नाहींत" म्हणून सांगे. आतां ते स्वतः बाहेर येतात. देणें अजून पुष्कळ आहे. परंतु त्या घरांतून एक खोटें वाक्य गेलें आहे, आणि तें लेंकरांच्या कानांवर पुन्हां पडत नाहीं.

वाचकहो, तुमच्यापैकीं जो कोणी असा भार वाहत असेल त्यानें आज रात्रीं दिव्यापाशीं घरच्यांस बसवून सर्व देणीं एका कागदावर लिहावीं. ओरडणाऱ्याचें लिहावें आणि न ओरडणाऱ्याचेंही लिहावें. मग पत्रें लिहावीं. पैसा कोणत्या बँकेंत आहे हें त्यानंतर पाहावें.