दगड खरा, पण गाव?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट जस्टच्या कड्यांवर, बोटॅलॅक खाणीची इंजिनघरं आजही लाटांच्या डोक्यावर उभी आहेत. तांबं आणि कथील काढता काढता इथले खाणकामगार थेट समुद्रतळाखाली पोचले. १८९५ मध्ये खाण बंद पडली, पण तोवर तिथले देखणे स्फटिक दूरदूरच्या संग्रहांत जाऊन बसले होते. कामगारानं खिशात घालून आणलेला दगड व्यापाऱ्याकडे जाई, त्याच्याकडून एखाद्या हौशी जमीनदाराकडे. हात बदलला की पत्ता आणखी पुसट होई. शेवटी चिठ्ठीवर नुसतं ‘सेंट जस्ट’ उरे, नाहीतर नुसतं ‘कॉर्नवॉल’. (दख्खनच्या बसाल्टातल्या कित्येक जुन्या झिओलाइटांवर असंच मोघम ‘पूना’ लिहिलेलं असतं.)

दगड काय आहे, हे भिंग आणि क्ष-किरण सांगतात. तो कुठला, हे मात्र कुणाच्या तरी शब्दावर घ्यावं लागतं. इथं आपले जुने दार्शनिक कामी येतात. प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकाला ही चिठ्ठी म्हणजे रद्दी. नैयायिक शब्दालाही प्रमाण मानतात, पण सांगणारा आप्त हवा: वस्तू स्वतः जाणणारा, आणि जशी आहे तशी सांगू इच्छिणारा.

अनुमानानं काम भागेल? बोटॅलॅकाइट हे निळसर-हिरवं खनिज १८६५ मध्ये नोंदलं गेलं आणि त्याला खाणीचंच नाव मिळालं. तांब्याच्या या संयुगात क्लोरीन असतं. खाऱ्या पाण्याची साक्ष दगडाच्या पोटातच! पण शेजारच्या लेव्हंट खाणीतही ते सापडतं. धुरावरून अग्नी कळतो, चूल कुणाची ते नाही.

म्हणजे पुन्हा आप्त. आर्थर किंग्जबरी हा ब्रिटनमधला नावाजलेला संग्राहक १९६८ मध्ये वारला. त्याचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आला. पुढे जॉर्ज रायबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची फेरतपासणी केली, तेव्हा ब्रिटनमध्ये आपणच शोधले म्हणून त्यानं मिरवलेले अनेक नमुने भलत्याच ठिकाणचे निघाले. त्याला जाण कमी नव्हती. आप्ताची पहिली अट त्यानं उत्तम पाळली होती, दुसरी मोडली.

‘दगडाला गावाचं काय?’ असा वेदान्ती सुस्कारा इथं फुकटचा आहे. चुकीचं गाव लिहिलं, की तिथं कधीच नसलेलं खनिज संदर्भग्रंथात शिरतं आणि पुढचा अभ्यासक ते शोधत फिरतो. आणखी वाईट म्हणजे एका माणसाचं खोटं त्याच्याच खऱ्या शोधांनाही बुडवतं. किंग्जबरीच्या प्रत्येक चिठ्ठीला आता वेगळा पुरावा लागतो.

तरी चुकीची ठरलेली चिठ्ठीही जाणता संग्रहपाल फेकत नाही. अक्षर कुणाचं, कागद कुठल्या व्यापाऱ्याचा, यावरून दगडाचा प्रवास उलटा शोधता येतो. गावाबद्दल खोटं बोलणारा कागद हातांबद्दल बरंच खरं सांगून जातो, आणि चार्वाकालाही तो डोळ्यांनी पाहता येतो.