आप्त कोण?

बेळगावात आलेला पाहुणा परत जाताना कुंदा घेतोच. पूर्वी ‘कुठल्या दुकानातला घेऊ?’ असे तो यजमानाला विचारी. आता तो मोबाइलवर त्या दुकानाला मिळालेले तारे मोजतो. या ताऱ्यांवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा. मला मात्र तो नीतीचा वाटतो; कारण अभिप्राय ही साक्ष असते आणि तिच्यावर कुणाचे तरी पोट अवलंबून असते. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिएटलमधील उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. ‘येल्प’वर एक तारा वाढला की स्वतंत्र उपाहारगृहांचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. उलट २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने बागेतल्या एका खोपटाला उपाहारगृह म्हणून नोंदवले आणि केवळ बनावट अभिप्रायांच्या बळावर ते ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. तिथे कुणी जेवलेच नव्हते!

मग साक्ष कुणाची मानावी? न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले. पण शब्द आप्ताचा हवा. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त.

मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग, आणि घोटाळा इथेच होतो. नवे दुकान उघडले की नात्यागोत्यात निरोप जातो, ‘पाच तारे द्या.’ भाचा पुण्याहून देतो, मेहुणी बडोद्याहून देते. पदार्थ दोघांनीही चाखलेला नसतो. नात्याने आप्त असलेली माणसे साक्षीला अनाप्त ठरतात. यात दुष्टावा नसतो, माया असते. पण त्या मायेची किंमत शेजारचा प्रामाणिक दुकानदार मोजतो.

आपल्या सीमाभागात याची दुसरी बाजूही आहे. पाटीवरची भाषा रुचली नाही म्हणून आत पाऊल न टाकता एकच तारा देणारे दोन्ही भाषांत सापडतात. पाटीविषयी मत जरूर असावे. ते पाटीविषयीचे म्हणून मांडावे. न चाखलेल्या पदार्थाला नासका म्हणणे ही खोटी साक्षच. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू केले आहे. परक्या भाषेचा माणूसही आप्त असू शकतो आणि घरचा नसूही शकतो, हे दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्याला तरी उमजायला हवे.

जुनी तोंडी शिफारसही निर्मळ नव्हती; यजमान आपल्याच माणसाच्या दुकानाकडे बोट दाखवी. पण माल वाईट निघाला, तर पाहुण्याला तोंड त्यालाच दाखवावे लागे. तारे देणाऱ्याला ती भीती नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले ते अभिप्राय देणाऱ्याची खातरजमा व्हावी म्हणूनच. आरंभी ते ऐच्छिक होते. पण मानक खाते तपासील, मन कसे तपासणार?

म्हणून मी तारे मोजत नाही. काय घेतले, केव्हा घेतले, काय आवडले आणि काय खटकले हे सांगणारे चार अभिप्राय वाचतो. आणि स्वतः लिहिताना एवढेच पाहतो, की हेच वाक्य मी त्या दुकानदारासमोर उभा राहून, त्याच्या भाषेत, बोलू शकेन का?