साइडकारमध्ये कोण बसले आहे?



1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची व्याख्या दिली आहे. दोन चाकांचे वाहन. आणि त्याला जोडलेली, काढता येणारी, एक जादा चाक असलेली साइडकारही त्यातच धरावी, असे कायदा सांगतो. म्हणजे रस्त्यावर तीन चाके धावत असली तरी कागदोपत्री ती दुचाकीच. तिसरे चाक ‘जादा’. वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे असेल, पण व्याख्या दिसली की मी ती दोनदा वाचतो. या व्याख्येपाशी प्रश्न पडला, आपल्या घरात जादा चाक कोण?

दिल्लीत हे वाहन एके काळी अगदी घरगुती होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, ती आली की डाव्या बाजूला साइडकार जोडून घ्यायची आणि रविवारी सगळ्यांनी इंडिया गेटच्या हिरवळीवर जायचे. वडील चालवणार, एक मूल पुढे उभे, साइडकारमध्ये आई, तिच्या मांडीवर धाकटे आणि पायाशी जेवणाचा डबा. 15 वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर राजधानी क्षेत्रात निर्बंध आले आणि त्या जुन्या जोड्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. आता नव्या बुलेटला हौसेने साइडकार लावलेले एखादे कुटुंब शनिवार-रविवारी दिसते, आणि सिग्नलला उभे असलेले सगळे वळून पाहतात. ‘शोले’ आठवतोच. त्यात साइडकार सुटून वेगळ्या वाटेने जाते आणि पुढे आपोआप येऊन जुळते. घरात असे आपोआप काही जुळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

एकट्याने मोटारसायकल चालवणाऱ्याला वाटते, हीसुद्धा तशीच असेल. तशी ती नसते. एकटी मोटारसायकल वळणावर झुकते. साइडकार जोडली की झुकणे संपते, हँडल जोर लावून वळवावे लागते. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, कारण साइडकारचे वजन मागे राहू पाहते. ब्रेक दाबला की तेच वजन पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे जाते. आणि डाव्या वळणावर, साइडकार रिकामी असेल तर तिचे चाक जमिनीवरून उचलले जाते. म्हणून नवशिके तिच्यात वाळूची पोती ठेवून सराव करतात. ज्या जागेला आपण भार म्हणतो, ती भरलेली असेल तेव्हाच गाडी जमीन धरून चालते.

आपली साधनाही पुष्कळदा एकट्याची मोटारसायकल असते. पहाटे वीस मिनिटे डोळे मिटले, मन शांत झाले, हलके वाटले. मग दार उघडून बाहेर यावे तर आई तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारते आणि आपला आवाज चढतो. अशा वेळी ध्यानाला दोष देऊ नका. झुकण्याची सवय तिथे चालत नाही, एवढेच. नाथांनी पैठणला संसारात राहूनच परमार्थ केला, त्याचे मोल अशा वेळी कळते.

आता तुमचा शनिवार-रविवार पाहा. शनिवारी मुलाचा क्लास, सोसायटीची बैठक, संध्याकाळी नोएडाचा मॉल. रविवारी पहाटे मुरथळला पराठे, दुपारी कुणाचा तरी वाढदिवस, रात्री सोमवारची तयारी. सगळे ‘घरच्यांसाठी’. पण साइडकारमध्ये खरोखर माणूस बसला आहे की पोते? नवा फोन, महागडी शाल, हातात ठेवलेले पैसे यांनीही वजन मिळते, गाडी सरळ चालते. पोत्याला कुठे जायचे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साइडकारमधला माणूस बराच खाली बसतो. चालवणाऱ्याला समोरचा रस्ता दिसतो. त्याला शेजारच्या बसचे चाक दिसते आणि तिचा धूर लागतो. शिवाय तीन चाकांच्या वाटा वेगळ्या असतात. समोर खड्डा दिसला, तुम्ही सफाईने उजवीकडून गाडी काढली, तुमची दोन्ही चाके वाचली, मनात म्हणालात, छान चुकवला. त्याच क्षणी तिसरे चाक बरोबर त्या खड्ड्यात गेले. तुम्हाला फक्त हलका धक्का जाणवतो.

नोकरी गुरुग्रामला लागली, गावाकडच्या घराला कुलूप लावले, आईला अकराव्या मजल्यावर आणले. निर्णय योग्यच होता. औषधपाणी वेळेवर होते, नातवंडे जवळ आहेत. पण तिची ओटा-अंगण, शेजारीण, देवळातली काकड आरती, मराठीत भाव करणारी भाजीवाली, सगळे एका वळणात गेले. ती तक्रार करत नाही, म्हणून खड्डा नव्हताच असे आपण धरतो. सजगता हा शब्द आपण श्वासापाशी फार वापरतो. तो या तिसऱ्या चाकापाशी नेऊन पाहा. वळण घेण्याआधी एकदा डावीकडे, खाली बघायचे.

या शनिवारी कार्यक्रम ठरवण्याआधी तिला विचारा, कुठे जायचे? पहिले उत्तर येईल, ‘तुम्ही न्याल तिथे.’ तिथे थांबू नका, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा विचारा. कदाचित ती मॉल म्हणणार नाही, पराठेही नाही. म्हणेल, पहाडगंजला ती मराठी शाळा आहे म्हणतात ना, तिथे आपली माणसे भेटतील का? पहाडगंजला गर्दी असते, गाडी लावायला जागा शोधावी लागते, तुमचे दोन बेत रद्द होतील. हेल्मेट दोघांनी घाला, साइडकारमध्ये बसणाऱ्यानेही, आणि सावकाश निघा.