कालपर्यंत त्या अशा नव्हत्या

खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, एक्स-रेही उत्तम आला. आणि दुसऱ्या रात्री आजोबा सलाईन उपसून ‘गुरं सोडायचीत’ म्हणत उठू लागले, की वॉर्डात दोन निदानं लगेच ऐकू येतात. भूल बाधली, नाहीतर म्हातारचळ लागला.

भुलीवरचा संशय जुना आहे. १९५५ साली बेडफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला होता. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, चीनमधल्या खुब्याच्या रुग्णांवरच्या चाचणीत पूर्ण भूल दिलेल्यांत आणि पाठीत इंजेक्शन दिलेल्यांत अशा अचानक उठणाऱ्या भ्रमाचं (डिलिरियमचं) प्रमाण फारसं वेगळं निघालं नाही. शस्त्रक्रियेनंतर शरीरभर उठणारा दाह, वेदना, जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, झोपेची गोळी, यांपैकी दोन-तीन एकत्र आली तरी थकलेल्या मेंदूला पुरतात. आणि म्हातारचळ म्हणावं, तर तो असा काही तासांत येत नाही, सकाळी ओसरून संध्याकाळी परतत नाही.

आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. मला काळजी वाटते ती गप्प पडून असलेल्या आजीची. हाक मारली की डोळे उघडते, ‘हो’ म्हणते, पुन्हा मिटते. राउंडला ‘आजी शांत आहेत’ एवढीच नोंद होते. हाही भ्रमच असतो, आणि तोच जास्त निसटतो. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर ती गुरुवारपाशी अडकते; पण तेवढं विचारायला कुणी थांबत नाही.

शेरॉन इनूय यांनी १९९० साली भ्रम ओळखण्याची जी पद्धत मांडली, तिचा पहिला प्रश्न असा: हा बदल अचानक झाला का? याचं उत्तर रक्ताच्या रिपोर्टात नसतं. ते सुनेकडे असतं, मुलीकडे असतं. आणि आपण त्यांनाच आयसीयूच्या दाराबाहेर बसवतो. पुढे इनूय यांनीच रुग्णालयात दाखल वृद्धांसाठी चष्मा, ऐकण्याचं यंत्र, पाणी, चालणं, रात्रीची झोप यांचा साधा कार्यक्रम राबवला, आणि १९९९च्या अभ्यासात भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आलं. यातली बरीचशी कामं आपल्याकडचे नातेवाईक न सांगता करतात. त्यांना गर्दी समजणं ही वैद्यकीय चूक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत उतरतो, पण तेवढ्यावर सगळं संपतं असं नाही. १९९८च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मोठी शस्त्रक्रिया झालेल्या साठीपुढच्या दहातल्या एकाची स्मरण-लक्षाची चाचणी तीन महिन्यांनीही पूर्वीपेक्षा खालावलेली होती. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ‘भ्रम झाला होता’ असं लिहून द्यावं. घरच्यांनीही त्या काळात वाटणीच्या किंवा बँकेच्या कागदांवर आजीची सही घेऊ नये, आणि तिच्या देखत ‘आता हिचं डोकं गेलं’ असं बोलू नये.