आळस लिहिण्याआधी हिशेब करा

वह्या बंद करून समोर ठेवा. आता मी बोलणार आहे आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

प्रश्न होता, दारिद्र्याची कारणे व सामाजिक परिणाम लिहा. जवळपास प्रत्येक वहीत पहिलं कारण आळस, दुसरं व्यसन, तिसरं अज्ञान, चौथं जास्त मुलं. क्रमसुद्धा तोच, म्हणजे गाईडातून उतरवलंय. गाईड वापरलंत त्याचं मला एवढं वाटलं नाही. हे लिहिताना तुमच्यातल्या एकाचाही हात अडखळला नाही, याचा मला संताप आलाय. दिवाळीपासून ओढ्याकडेच्या पडीक रानात ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्यात. रोज सायकली काढून तुम्ही त्यांच्यासमोरूनच कॉलेजला येता. भल्या पहाटे तुमच्याच फडात कोयता चालू होतो तेव्हा तुम्ही पांघरुणात असता. आणि दुपारी इथे बसून लिहिता, गरीब माणूस आळशी असतो. लाज वाटायला हवी होती.

फळ्याकडे बघा आणि मी सांगते तो हिशेब करा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. २०२४ च्या जानेवारीत साखर संघाचा आणि कामगार संघटनांचा करार झाला, तोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली. वाढून झाले टनाला ३६६ रुपये. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरा. नुसता तोडायचा नाही; पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रक भरायचा, मग तो रात्री कितीही वाजता येवो. याचे दोघांत मिळून ७३२ रुपये. आता टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून त्यांनी पावसाळ्यात एक लाखाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलीय असं धरा. ती फेडायला किती टन? २७३. किती दिवस? १३७, तेही एक खाडा न करता. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर? फिटले ७३,२०० आणि अंगावर राहिले २६,८००. आठवड्याला किराण्यासाठी घेतलेली खर्ची मी अजून धरलेलीच नाही. तीही यात चढते, आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते.

आता या गणितात आळस कुठे बसतो ते मला दाखवा. शंभर दिवस, दिवसाला दोन टन, दोघांनी मिळून दोनशे टन. एवढं वजन हाताने उचलून माणूस देणेकरीच राहतो, आणि तुम्हाला त्याचा आळस दिसतो!

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, मग उचल घेतातच कशाला? चांगला प्रश्न आहे, मोठ्याने विचारायचा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातले तालुके नकाशात काढा. पर्जन्यछायेचा मुलूख, बालाघाटचे उघडे डोंगर, हलकी जमीन. कुणाची दोन-तीन एकर, कुणाची तीही नाही. खरिपात बाजरी किंवा कापूस आला तर आला, मग पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नाही. दवाखाना, लग्न, आधीचं कर्ज, सगळ्याला पैसा लागतो तो पावसाळ्यातच. बँक अशा माणसाला दारात उभं करत नाही, मुकादम घरी येऊन देतो. त्या पैशाच्या बदल्यात तो माणूस पुढचे सहा महिने आपलं मनगट लिहून देतो. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. हे तुमच्या गाईडात नव्हतं, म्हणून तुमच्या उत्तरातही नाही.

आणि तुमची जमीन बारमाही कशामुळे? तुमच्या आजोबांनी कष्ट केले, मान्य आहे. पण भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते शाहू महाराजांनी. राज्यकर्त्याने दूरदृष्टीने पैसा ओतला, पाणी अडलं, नदीला बारा महिने धार राहिली, मग तुमच्या आजोबांच्या कष्टाला ऊस आला. पाटोद्याच्या म्हाताऱ्यानेही तेवढेच कष्ट केले. त्याच्या कष्टाला पाणी भेटलं नाही. एकाच राज्यात एका बाजूला पाणी साठत गेलं आणि दुसऱ्या बाजूने त्या पाण्यावरच्या पिकासाठी माणसं येत राहिली. दारिद्र्याचं कारण लिहायचं तर हे लिहा.

व्यसनाचं म्हणाल तर दारू आहे, मी नाकारत नाही. तिच्यापायी बायका मारही खातात. पण त्या बायका दारू पीत नाहीत. मग त्या कशाने गरीब राहिल्या? कोयत्याच्या नावावरचा हिशेब नवऱ्याच्या हातात जातो, अर्ध्या कोयत्याची मजुरी बाईच्या हातात वेगळी पडतच नाही. एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

एकाने लिहिलंय की हे लोक खुशाली, म्हणजे मजुरीवर वरचे पैसे, मागून शेतकऱ्याला नाडतात. मागतात. ऊस वाळायला लागलेला असतो, तुझ्या वडिलांना ते पैसे द्यावे लागतात आणि जड जातात, हेही मला ठाऊक आहे. पण मजुरीचा दर जिथे ठरतो तिथे न भांडता कोपीतल्या माणसावर राग काढणं सोपं असतं, म्हणून तू तो तिथे काढलास.

आता परिणामांकडे या. तुम्ही लिहिलंत, गुन्हेगारी वाढते, भिकारी वाढतात, समाजाला धोका निर्माण होतो. म्हणजे दारिद्र्याचा परिणाम तुमच्यावर काय होतो, एवढंच तुम्हाला सुचलं. ज्यांच्यावर तो खरोखर होतो त्यांचं ऐका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. मुलींनो, तुम्ही तरी मान वर करून ऐका. फडात आडोसा नाही, कोपीजवळ संडास नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जाऊ लागलं, पोटात दुखू लागलं, तरी खाडा केला की पैसे कापणार. मग पिशवी काढून टाक म्हणजे कटकट संपली, असं सांगणारा डॉक्टर भेटतो आणि त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते.

तुमच्याएवढ्या मुलींचं काय होतं? आईबाप तोडीला जाणार, वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि लग्न लावलं की दोन अर्धे कोयते मिळून एक पुरा कोयता होतो, नव्या जोडीला नवी उचल मिळते. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ होता. तुम्ही याला अज्ञान म्हणून मोकळे झालात. त्या आईला कायदा ठाऊक नाही असं समजू नका. तिला तो ठाऊक असतो आणि मुलीला एकटीला मागे ठेवण्याची भीतीही असते.

त्या कोप्यांत सहा ते चौदा वर्षांची मुलं दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली आहेत. दिवाळीनंतर त्यांची शाळा सुटली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्या गावच्या शाळेला त्यांना दाखल करून घ्यावंच लागतं, दाखला जवळ नाही या सबबीवर परत पाठवता येत नाही. उद्या सकाळी तुमच्यातल्या चौघांनी माझ्याबरोबर तिथे यायचं. नावं, वयं, इयत्ता लिहून घ्यायची आणि यादी घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभं राहायचं. लहान बाळांमुळे मोठ्या बहिणी अडकतात, म्हणून अंगणवाडीताईंनाही भेटायचं. आणि ज्यांच्या घरातलं कुणी कारखान्याच्या संचालक मंडळावर आहे, त्यांनी आज रात्री जेवताना विचारायचं: ओढ्याकडेच्या तळावर पाण्याचा टँकर आणि बायकांसाठी संडास कधी येणार? काय उत्तर मिळालं ते उद्या मला वर्गात सगळ्यांसमोर सांगायचं.